गोठ्यांतील औषध आणि आकाशांतील गिधाड

मराठी भाषेंत कोणास हिणवावयाचें असलें म्हणजे त्यास ‘गिधाड’ म्हणण्याची चाल आहे. दुसऱ्याच्या विपत्तीवर टपून बसणारा, मढ्याच्या टाळूवरचें लोणी खाणारा, तो गिधाड, असा आपला समज. परंतु याच पक्ष्याच्या कुळांतील जटायूनें सीतेला सोडविण्यासाठीं रावणाशीं झुंज देऊन प्राण वेंचले, हेंहि आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. एकाच पक्ष्याविषयीं शिवी व आदर अशा दोन्ही गोष्टी आपल्या तोंडीं कशा आल्या, याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. आज तो करण्याची वेळ आली आहे. कारण हा पक्षी आपल्या डोळ्यांदेखत नाहींसा होऊं पाहत आहे. आणि त्याला वांचविण्याचा एक मोलाचा प्रयत्न आपल्याच रायगड जिल्ह्यांत, आपल्या महाडच्या माणसांच्या हातून चालला आहे.

महाड किंवा पोलादपूर तालुक्यांतील एखाद्या गांवीं जाऊन साठी ओलांडलेल्या वडीलधाऱ्या माणसास विचारा. तो सांगेल कीं, पूर्वीं बैल किंवा म्हैस मेली म्हणजे ती गांवाबाहेर नेऊन टाकीत. घटकाभरांत आकाशांत काळे ठिपके दिसूं लागत. ते फेऱ्या घेत घेत मोठे होत, आणि पाहतां पाहतां दहा-वीस गिधाडें खालीं उतरत. संध्याकाळपर्यंत त्या जागीं केवळ हाडें उरत. आज आपल्या औद्योगिक वसाहतीवर घारी घिरट्या घालतांना आपण रोज पाहतों. परंतु गिधाड पाहिलें आहे असें सांगणारा विद्यार्थी वर्गांत क्वचितच निघेल. दोन पिढ्यांच्या दरम्यान हें एवढें मोठें पांखरूं गेलें कोठें?

प्रथम त्याची ओळख करून घेऊं. गिधाडांच्या अनेक जाती आहेत. आपल्या भागांतील दोन मुख्य जाती म्हणजे पांढऱ्या पुठ्ठ्याचें गिधाड व लांब चोंचीचें गिधाड. पहिलें उंच झाडांवर घरटें बांधतें. दुसरें सह्याद्रीच्या तुटलेल्या कड्यांवरील कपारींत राहतें. दोन्ही एकाच गणांतील असून या गणाचे भाऊबंद आफ्रिका खंडांतहि आहेत. आफ्रिकेंतील पांढऱ्या पाठीचें गिधाड हें तर आपल्या पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडाचें चुलत भावंडच म्हणावें. या चुलत भावंडानें आपल्या गिधाडांवर केवढा उपकार केला, तें पुढें येईलच.

पूर्ण वाढलेलें पांढऱ्या पुठ्ठ्याचें गिधाड चोंचीपासून शेंपटापर्यंत सुमारें अडीच ते तीन फूट लांब असतें. त्याचें वजन ४ ते ६ किलो भरतें आणि पसरलेल्या पंखांचें माप ६ ते ८ फूट होतें. म्हणजे पंख पसरून तें आपल्या वर्गाच्या दारांत उभें राहिलें, तर दोन्ही पंख चौकटीबाहेर बरेच उरतील. अंगाचा रंग काळपट. पाठीच्या खालच्या भागावर मात्र पांढरा पट्टा, त्यावरूनच त्याला हें नांव पडलें. त्याची मान जवळजवळ उघडी असते. आपल्याला ती कुरूप दिसते. परंतु ज्याला मृत जनावराच्या शरीरांत डोकें खुपसून जेवावें लागतें, त्याच्या मानेवर दाट पिसें असतीं तर तीं रक्तामांसानें माखून कायमचीं घाण झालीं असतीं. सृष्टींत ज्याला आपण कुरूपता म्हणतों, ती पुष्कळदां सोयच असते.

एवढा जड देह केवळ पंख मारीत दिवसभर हवेंत ठेवणें परवडणारें नाहीं. म्हणून गिधाड ऊन चांगलें तापेपर्यंत झाडावर किंवा कड्यावर थांबतें. जमीन तापून ऊन हवा वर चढूं लागली, कीं त्या प्रवाहांत पंख ताणून तें फिरत फिरत उंच जातें, आणि तेथून पंख न हलवितां मैलोगणती तरंगत पुढें सरकतें. खाद्य शोधण्याचें त्याचें साधन म्हणजे नाक नव्हे, डोळा. शिवाय प्रत्येक गिधाड शेजारच्या गिधाडावर नजर ठेवून असतें. एकानें खालीं झेंप घेतली कीं दुसरें तिकडे वळतें, दुसऱ्याला पाहून तिसरें. आणि अशी बातमी शब्दावांचून आकाशभर पसरते.

गिधाड सहसा जिवंत जनावरावर हल्ला करीत नाहीं. मेलेलें खाऊन जागा स्वच्छ करणें हेंच त्याचें काम. त्याच्या जठरांतील आम्ल इतकें तीव्र असतें कीं, सडलेल्या मांसांतील पुष्कळसे रोगजंतु तेथें मरून जातात. गिधाडांचा मोठा थवा एका गाईचें सारें मांस तासाभराच्या आंत संपवितो. हा सफाई कामगार पगार मागत नाहीं, सुटी मागत नाहीं. म्हणूनच कदाचित् तो गैरहजर होईपर्यंत त्याची किंमत कोणास कळली नाहीं.

ती किंमत कशी कळली पाहा. गिधाडें नाहींशीं झालीं, तेव्हां मेलेलीं जनावरें माळावर तशींच कुजूं लागलीं. तें खाद्य भटक्या कुत्र्यांना मिळालें, कुत्र्यांची संख्या वाढली आणि त्यांच्याबरोबर पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशाचें भयहि वाढलें. कुजणाऱ्या मांसांतील घाण पाण्याच्या सांठ्यांत उतरली. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासांत, २००० ते २००५ या काळांत गिधाडांच्या अभावामुळें भारतांत सुमारें ५ लाख माणसें अधिक दगावलीं असावीं, असें अनुमान काढलें आहे. मुंबईच्या मलबार टेकडीवरील डुंगरवाडींत मृतदेह गिधाडांच्या स्वाधीन करण्याची पारशी बांधवांची प्राचीन रीत. परंतु तेथेंहि गिधाडें येईनाशीं झालीं, आणि सूर्यकिरण एकवटणारीं यंत्रें बसविण्याची वेळ आली. पक्षी गेला, त्याबरोबर एका समाजाचा धर्माचारहि अडचणींत आला.

आतां तीं गेलीं कशानें, हा प्रश्न. १९८० च्या सुमारास पांढऱ्या पुठ्ठ्याचें गिधाड हें जगांतील मोठ्या शिकारी पक्ष्यांपैकीं बहुधा सर्वांत अधिक संख्येनें आढळणारें पांखरूं मानीत असत. राजस्थानांतील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानांत मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभु प्रकाश गिधाडांच्या घरट्यांची नोंद ठेवीत होते. १९९० नंतरच्या दशकांत त्यांना दिसूं लागलें कीं, पूर्वीं भरलेलीं घरटीं आतां रिकामीं आहेत, आणि गिधाडें मान खालीं टाकून झाडावर बसल्या जागीं झुरत आहेत. देशभर मोजणी झाली, तेव्हां भयंकर सत्य बाहेर आलें. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत या जातीची संख्या ९९.९ टक्क्यांनीं घटली. म्हणजे दर हजार गिधाडांमागें एकच उरलें. एवढ्या वेगानें ओसरलेला दुसरा पक्षी शोधूं गेल्यास क्वचितच सांपडेल.

प्रथम वाटलें, कांहीं सांथ असेल. कोणी झाडतोडीस दोष दिला, कोणी कीटकनाशकांस. कित्येक वर्षें शोध चालला, परंतु रोगजंतु सांपडेना. शेवटीं पाकिस्तानांत पेरेग्रीन फंड या संस्थेबरोबर काम करणारे अमेरिकन शास्त्रज्ञ लिंडसे ओक्स व त्यांचे सहकारी यांनीं मेलेलीं गिधाडें चिरून पाहिलीं. त्यांच्या यकृतावर व हृदयावर खडूसारखी पांढरी भुकटी सांचलेली दिसली. तें युरिक आम्ल होतें. मूत्रपिंडें बंद पडल्यामुळें तें शरीराबाहेर न जातां आंतच सांठलें होतें. मग प्रश्न आला, मूत्रपिंडें बंद पडलीं कशानें? या पक्ष्यांचें अन्न म्हणजे गुरेंढोरें. तेव्हां गुरांना कोणतें औषध देतात याचा त्यांनीं तपास केला, आणि २००४ सालीं ‘नेचर’ नियतकालिकांत उत्तर प्रसिद्ध झालें: डायक्लोफिनॅक.

हें औषध कोणास अपरिचित नाहीं. सांधे दुखूं लागले, सूज आली म्हणजे माणसेंहि तें घेतात. लंगडणाऱ्या बैलाला, ताप आलेल्या म्हशीला त्याची सुई टोंचली म्हणजे आराम पडतो आणि तें स्वस्तहि मिळतें. म्हणून गोठ्यांतून त्याचा फार प्रसार झाला. परंतु औषध टोंचल्यावर दोन-तीन दिवसांत तें जनावर मेलें, तर त्याच्या शरीरांत औषधाचा अंश राहतो. जो अंश गाईला बाधत नाहीं, तोच गिधाडाला प्राणघातक ठरतो. आणि एका मृत जनावरावर गिधाडांचा सगळा थवा जेवतो! शास्त्रज्ञांनीं गणित मांडून दाखविलें कीं, १३० पासून ७६० पर्यंत मृत जनावरांमागें एकाच्या शरीरांत हें विष असलें, तरी एवढा संहार घडण्यास तेवढें पुरेसें आहे.

येथें क्षणभर थांबून विचार करावा. हें पाप कोणी केलें? शिकाऱ्यानें नव्हे, लोभी व्यापाऱ्यानें नव्हे. दुखणाऱ्या मुक्या जनावराची दया येऊन ज्या शेतकऱ्यानें औषध आणलें, त्याच्या हातून तें घडलें. आणि त्याला त्याची गंधवार्ताहि नव्हती. आपल्या औद्योगिक वसाहतींत रसायनांचे कारखाने आहेत. तुमच्यापैकीं कित्येकांचे वडील तेथें काम करतात. एकच द्रव्य एका प्राण्याला तारक व दुसऱ्याला मारक होऊं शकतें, हा रसायनशास्त्राचा पाठ त्यांना नवा नाहीं. दया ही थोर वस्तु खरी. परंतु ज्ञान बरोबर नसेल, तर तिचा घाव कोठें बसेल याचा नेम नाहीं.

सुदैवानें ज्ञानानें केलेलें नुकसान ज्ञानानेंच थांबविण्याचा मार्ग निघाला. गुरांना आराम देईल आणि गिधाडांना अपाय करणार नाहीं, असें दुसरें औषध हवें होतें. परंतु तें तपासून पाहावयाचें कोणावर? आपलीं गिधाडें इतकीं थोडीं उरलेलीं कीं, त्यांच्यावर धोका पत्करणें शक्य नव्हतें. अशा वेळीं तें आफ्रिकेंतील चुलत भावंड कामास आलें. दक्षिण आफ्रिकेंत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांना प्रथम मेलोक्सिकॅम हें औषध देऊन पाहिलें. त्यांना कांहीं इजा होत नाहीं अशी खात्री पटल्यावरच आपल्या जातींवर प्रयोग केला, आणि २००६ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मेलोक्सिकॅम गिधाडांना निर्धोक ठरलें. त्याच वर्षीं भारत सरकारनें गुरांसाठीं डायक्लोफिनॅक बनविण्यास मनाई केली. तरी माणसांसाठीं मिळणाऱ्या मोठ्या कुप्या गोठ्यांत येतच राहिल्या. म्हणून २०१५ सालीं टोंचण्याच्या औषधाची कुपी ३ मिलिलिटरपेक्षां मोठी असूं नये, असा नियम झाला. २०२३ सालीं गुरांसाठीं केटोप्रोफेन व असेक्लोफिनॅक हीं आणखी दोन औषधें बंद करण्यांत आलीं. यांपैकीं दुसऱ्याचें तर गुराच्या शरीरांत गेल्यावर डायक्लोफिनॅकच बनतें.

उपकारकर्त्या आफ्रिकन गिधाडाची स्थितीहि आज बरी नाहीं, हें सांगितलें पाहिजे. तेथें हस्तिदंतासाठीं हत्ती मारणारे चोर मृत हत्तीवर विष घालतात. कारण आकाशांतील गिधाडें पाहून वनरक्षकांना चोरीचा सुगावा लागतो. २०१९ च्या जून महिन्यांत बोट्सवाना देशांत अशा विषानें एकाच वेळीं ५३७ गिधाडें मेलीं. आपल्याकडे अज्ञान, तिकडे लोभ. पक्ष्याला मरण दोन्हीकडे सारखेंच.

आतां आपल्या जिल्ह्याकडे वळूं. महाड येथील ‘सिस्केप’ ही संस्था व तिचे श्री. प्रेमसागर मेस्त्री यांनीं या शतकाच्या आरंभापासून रायगडांतील गिधाडांचा मागोवा घेण्यास सुरुवात केली. म्हसळा तालुक्यांतील चिरगांवच्या रानांत उंच झाडांवर पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांचीं घरटीं तगून होतीं. सर्वत्र नाश झालेला असतां हा लहानसा वंश येथें उरला, ही जिल्ह्याची केवढी पुण्याई! तो जपण्याचें कार्य त्या संस्थेनें ग्रामस्थ व वनखातें यांच्या सहकार्यानें हातीं घेतलें.

असें कार्य म्हणजे करावयाचें तरी काय? पहिली गोष्ट, नुसतें पाहणें व लिहून ठेवणें. हें सोपें वाटतें; परंतु त्याइतकें चिकाटीचें काम दुसरें नाहीं. पावसाळा संपल्यावर, आक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास गिधाडांची जोडी घरटें बांधूं किंवा डागडुजी करूं लागते. मादी वर्षाला एकच अंडें घालते. नर व मादी दोघेंहि आळीपाळीनें तें उबवितात. त्यास सुमारें दीड महिना वा थोडा अधिक काळ लागतो. पुढें पिलूं जवळजवळ तीन महिने घरट्यांतच असतें. म्हणजे एका पिलाच्या संगोपनांत अर्धें वर्ष सरतें, आणि तें पिलूं स्वतः आईबाप होण्यास आणखी सुमारें पांच वर्षें जावीं लागतात. अभ्यासकानें प्रत्येक झाड ओळखून ठेवावयाचें, दुर्बिणीनें लांबूनच पाहावयाचें, कोणत्या घरट्यांत अंडें आहे, कोठें पिलूं दिसलें, कोणतें उडालें, कोणतें पडलें, हें तारीखवार लिहावयाचें. घरट्याजवळ गर्दी केली, आरडाओरड केली, तर पक्षी घरटें सोडून जातात. म्हणून प्रेम दाखविण्याची येथें एकच रीत, ती म्हणजे दूर राहणें.

दुसरी गोष्ट अन्नाची. कोंकणांत गुरें पाळणें कमी होत चाललें. मेलेलें जनावर पुष्कळदां पुरून टाकतात. मग गिधाडांनीं खावें काय? यासाठीं गांवोगांवच्या लोकांनीं जनावर मेल्याची वर्दी द्यावयाची, त्याला मरणापूर्वीं कोणतें औषध दिलें होतें याची चौकशी करावयाची, आणि निर्धोक असेल तर तें ठराविक जागीं नेऊन ठेवावयाचें, अशी योजना करतात. गमतीनें तिला ‘गिधाडांचें उपाहारगृह’ म्हणतात. रायगडांत चिरगांव व फणसाड अभयारण्य येथें, तसेंच नाशिक व गडचिरोली या जिल्ह्यांतहि असे प्रयत्न झाले आहेत. या योजनेचें सारें बळ एका गोष्टींत आहे: गोठ्याच्या धन्यानें खरें सांगावें. त्यानें औषधाची गोष्ट लपविली, तर ज्या ताटांत आपण पक्ष्याला जेवूं घालतों, त्याच ताटांत आपण विष वाढतों.

तिसरी गोष्ट झाडांची. उंच, जुनीं व पसरलेलीं झाडें नसतील तर पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडानें घरटें बांधावें कोठें? ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें आणि श्रीवर्धन-म्हसळ्याकडील असंख्य झाडें एका दिवसांत भुईसपाट झालीं. माड-सुपारीच्या बागा गेल्या म्हणून माणसें रडलीं, तें योग्यच. पण आकाशांतल्या बिऱ्हाडकरूंचीहि घरें त्याच झाडांवर असतात, हें फार थोड्यांच्या ध्यानांत आलें. वादळ आपल्या हातीं नाहीं. परंतु कुऱ्हाड आपल्या हातीं आहे.

जेथें वंशच संपला, तेथें बाहेरून पक्षी आणून सोडण्याचाहि प्रयत्न चालू आहे. हरियाणांतील पिंजोर येथें तेथील वनखातें व बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी यांनीं गिधाडांचें प्रजननकेंद्र चालविलें आहे. तेथें वाढलेलीं गिधाडें २०२४ सालीं आपल्या महाराष्ट्रांतील ताडोबा व पेंच या व्याघ्रप्रकल्पांत आणलीं. कांहीं महिने मोठ्या पिंजऱ्यांत ठेवून त्यांना रानाची संवय लाविली आणि मग मोकळें सोडलें. तीं कोठें जातात हें कळावें म्हणून त्यांच्या अंगावर उपग्रहाशीं संदेश जोडणारें लहानसें यंत्र बसविलें होतें. ताडोबांतून निघालेलें एक गिधाड तर थेट तामिळनाडूपर्यंत जाऊन पोंचलें. ज्या पक्ष्याला चार राज्यें म्हणजे एकच अंगण, त्याचें रक्षण एका गांवानें किंवा एका अभयारण्यानें होणार नाहीं. चिरगांवचें गिधाड सकाळीं उठून पोलादपूरच्या डोंगरावर येऊन जेवूं शकतें. आणि तेथील एका गोठ्यांतील एक सुई चिरगांवची सारी मेहनत फुकट घालवूं शकते.

२०१५ च्या पाहणीवरून भारतांत पांढऱ्या पुठ्ठ्याचीं सुमारें ६ हजार गिधाडें उरलीं असावीं, असा अंदाज केला होता. जेथें लाखोंनीं होतीं, तेथें ही संख्या फार थोडी. तथापि शून्य नव्हे. वर्षाला एकच अंडें घालणाऱ्या जातीला सांवरण्यास आपलें आयुष्यहि पुरणार नाहीं. म्हणून हें काम मोठ्यांनीं आरंभून लहानांच्या हातीं सोंपविण्याचें आहे.

तेव्हां पालकांना विनंति अशी कीं, गुराला औषध आणतांना पशुवैद्याला विचारल्यावांचून दुकानांतून सुई आणूं नये; दुखण्यावर मेलोक्सिकॅम चालेल काय, हें आवर्जून विचारावें; माणसाचें औषध गुराला देऊं नये. शेतावरील जुनें झाड तोडण्यापूर्वीं त्याच्या शेंड्याकडे एकदां पाहावें. आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्ही सुटींत आजोळीं जाल, तेव्हां बरोबर एक वही न्या. आकाशांत मोठा पक्षी फिरतांना दिसला, तर तारीख, वेळ, गांव व संख्या लिहा. घरांतील म्हाताऱ्यांना त्यांच्या लहानपणचीं गिधाडें विचारा आणि तेंहि लिहून ठेवा. भरतपूरच्या घरट्यांची जुनी टिपणवही नसती, तर गिधाडें कमी झालीं हें कळण्यासहि उशीर झाला असता.

एखादे दिवशीं दुपारीं, ऊन तापल्यावर, सावित्री नदीच्या वर उंच एक काळा ठिपका पंख न हलवितां फिरत असलेला तुम्हांला दिसेल. त्या वेळीं त्याच्या नांवानें कोणास शिवी देण्यापूर्वीं, आपल्या गोठ्यांतील कपाटांत कोणती कुपी आहे, हें आधीं जाऊन पाहा.